पाहुणा गेल्याशिवाय

चाकणच्या कंपनीत आम्ही औषधासाठी डीएनएचे छोटे धागे बनवायचो. यंत्र एकेक अक्षर जोडत जातं. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक रासायनिक टोपी असते. ती आम्लाने उतरवायची, मग पुढचं अक्षर बसवायचं. शेवटी शुद्धता तपासणाऱ्या आलेखावर एकच उंच सुळका दिसला की बॅच सुटली. त्याच्या शेजारी नको तो उंचवटा दिसला, की आम्ही म्हणायचो, पाहुणा आला.

माझा राजीनामा मंजूर झाला आणि नेमका तेव्हाच पाहुणा आला. बार्शीला आई एकटी, डोळ्यांनी अधू. गॅस पेटलाय की नाही, हे ती हात पुढे करून बघायची. मला तिच्याकडे कायमचं जायचं होतं. साहेब गोड हसून म्हणाले, पाहुणा बाहेर काढा, मग तुम्हीही सुटा. रिलीव्हिंग लेटर त्यांच्या हातात होतं, आणि त्याशिवाय तिकडे नव्या नोकरीसाठी मला कुणी दारात उभं केलं नसतं. मी राग गिळला.

रहाटणीहून कंपनीची बस पकडायची, तळवड्याच्या चौकात अडकायचं, आणि आत जाऊन त्याच आलेखापुढे बसायचं. द्रावकातलं पाणी तपासलं, नायट्रोजन तपासला, नळ्या बदलल्या. पाहुणा ढिम्म हलेना. आई फोनवर विचारायची, सुटलीस का? एकदा वैतागून म्हटलं, पाहुणा आहे गं, जातच नाही. तिला तो खरा वाटला. मग ती त्याचीच चौकशी करू लागली, नीट जेवतो का, त्याला गादी दिलीस का. मी तिला खरं सांगितलं नाही. दिवसभरात तेवढंच हसायला मिळायचं.

शेवटी मी जुन्या बाटलीतलं आम्ल वापरून पाहिलं. आलेख स्वच्छ आला. नव्या आम्लात क्लोरल नावाच्या रसायनाचा अंश होता. टोपी उतरली रे उतरली की तो धाग्याला चिकटून बसायचा. टाळ्या वाजल्या, पेढे आले. साहेब म्हणाले, आता दुसऱ्या पुरवठादाराचं आम्ल पारखायचं, ते तुमच्याशिवाय कोण करणार? मी शोध लावून स्वतःलाच कोंडून घेतलं होतं.

संध्याकाळी आईला सांगितलं, पाहुणा गेला, पण मला अजून थांबावं लागेल.

ती म्हणाली, "अगं, पाहुणाबी आपल्या घरी गेला की. तू कवा येणार?"