धवल्याआधी नावं

पहाटेपासून खाडीवरून बोचरा वारा सुटला होता, आणि कमळ अंगणात ताडपत्रीवर जवळा सुकायला पसरत बसली होती. उरणजवळच्या त्या गावात कमळ म्हणजे लग्नाची धवलारीण. हळदीला तिनं धवला, म्हणजे लग्नाचं पारंपरिक गाणं, गायल्याशिवाय मांडवात कोणाचं पान हलत नसे. गावचीच मृणाली गेली चार वर्षं कॉलेजच्या डिजिटल संग्रहासाठी तिच्या मागं रेकॉर्डर घेऊन फिरायची. गाणी उतरवायची, अडेल तो शब्द विचारायची, सगळं संगणकात भरायची.

त्या सकाळी मृणाली रिकाम्या हातानं आली.

"मावशी, आज मशीन नाय. आमी कंत्राटी संशोधकांनी युनियन केलीय, संप हाय. महिनाअखेरीला माझं कंत्राट संपतं. संग्रहावर नाव एकट्या सरांचं, दुसरीकडं नोकरी मागायला पुरावाबी नाय. सर आज सोता येतील. तू गा, माझ्यापायी वाईटपना घेऊ नको."

"मना नको शिकवू," कमळ म्हणाली. "माझा सासरा मिठागराच्या युनियनमदी व्हता. संपाच्या दिवशी हगायलाबी मिठागराकडं जात नसं."

दहाला प्रकल्पप्रमुख देवदत्त सर आले. शुक्रवारी विद्यापीठाची समिती यायची होती, आणि संग्रहात हळदीचा लांब धवलाच नव्हता. सरांनी रेकॉर्डर उलटा धरला. कमळनं तो सरळ करून दिला.

"आदी नावं. हलद कोनी दलली, पानी कोनी आनला, राबनाऱ्यांची नावं घेतल्याबिगर आमचा धवला सुरू व्हत नाय. तुमचा ह्यो संग्रह कोनी केला?"

"विभागानं."

"इभाग? कोनाचा पोर?"

ओट्यावर जमलेल्या शेजारणींनी तोंडात पदर कोंबले. सर घाम पुसत म्हणाले, "मृणाली, निवेदिता, केतन."

"मंग तशीच नावं संग्रहावर घाला. न् पोरीचा कागुद?"

मृणालीच्या मुदतवाढीची फाईल महिनाभर सरांच्या गाडीतच पडून होती. बॉनेटवर ठेवून त्यांनी सही केली. नावं मात्र चढेनात, कारण पासवर्ड केतनकडं आणि केतन संपावर. सरांनी फोन लावला.

"सर, सहीचा फोटो आधी युनियनच्या ग्रुपवर टाका," केतन शांतपणे म्हणाला. "तिथं ठरलं की कळवतो."

पाऊण तासानं युनियनचा होकार आला आणि नावं चढली. मृणालीनं आपलं नाव दोनदा वाचलं आणि सरांच्या हातून रेकॉर्डर घेतला. "एकच वर्ष दिलंय सर. पुढच्या वर्षी परत बोलणीला बसू."

कमळनं धवला उचलला, हळद दळणाऱ्यांत या तिघांची नावं बसवली. शेवटचं कडवं संपतंय तोच नळ आल्याची हाक आली, आणि ती हंडा कमरेवर घेऊन निघाली.