पडायची नोकरी

दैवशालेला पडायचा पगार मिळायचा. हसू नका. मुरुम रोडला आमचं खेळाचं कॉलेज हाय, तिथं मुलींच्या मेसमध्ये मी स्वयंपाक करते, आणि हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं हाय. कागदावर ती 'प्रात्यक्षिक सहायक' होती, तीही हंगामी. काम काय, तर बाहेरून समिती आली की मैदानावर ऊन लागल्यागत पडायचं, आणि सरांनी अन् पोरांनी तिला सगळ्यांदेखत वाचवायचं.

समिती म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणारी माणसं. खेळाडूला इजा झाली, हाड सरकलं, चक्कर आली तर काय करावं, हे शिकवणारा कोर्स आमच्याकडं चालतो. तो धड चालतो का न्हाय ते बघायला ही माणसं येतात. धड चालत होता का म्हणाल, तर माझं मत कुणी विचारलं न्हाय. वर्षभर पोरं उपचाराच्या खोलीत सायकली लावायची. समिती येणार म्हटलं की सायकली बाहेर, भिंतीला चुना, आणि उमरग्याच्या एका डॉक्टरकडून शेक द्यायची यंत्रं मागून आणायची. मग प्राचार्य बिराजदार सर मेसच्या दारात यायचे. "शिवकांताबाई, त्या दिवशी पुरणपोळी करा बरं का." एरवी पोरींच्या वरणात डाळ शोधावी लागायची, तेव्हा कुठं असायचे हे, काय माहीत.

दैवशाला नळदुर्गकडच्या एका वस्तीवरची. तिची आई म्हाळसाबाई मेंढरं राखते. पोरगी कबड्डीत अशी की चढाईला गेली की समोरच्या पोरी आधीच दोन पावलं मागं सरायच्या. एकदा सामन्यात गुडघा पिरगळला. पंचांनी पाणी मारलं, कुणीतरी तेल चोळलं, कुणीतरी ओढून बघितलं. खेळ संपला तो कायमचा. "माझ्या गुडघ्याचं त्या दिवशी काय करायला पाहिजे होतं, तेवढं कळावं म्हणून इथं आले, शिवक्का," असं ती मला म्हणायची. कोर्स पुरा झाला तरी तिला ते कळलं न्हवतं. म्हणून मग स्वतःच पुस्तकं आणून वाचायची, आणि माझ्या गुडघ्याला पट्टी बांधून बघायची. चुलीपुढं बसून माझे गुडघे गेलेत, तिला आयतं गिऱ्हाईक. लई बडबडी. भाकरी थापता थापता बिराजदार सरांची नक्कल करायची, आणि मी हसून हसून पिठात शिंकायची.

पहिल्यांदा ती पडली तेव्हा मला कुणी काही सांगितलंच न्हवतं. मेसच्या दारातून मैदान दिसतं. पळता पळता पोरगी गुडघ्यावर आली, मान एकीकडं कलली आणि धाडकन मातीत. मी घागर उचलली अन् पळत जाऊन सगळीच्या सगळी तिच्या तोंडावर ओतली. ती फुर्र करून उठली, नाकातोंडात पाणी, आणि हसायला लागली. समिती पण हसली. बिराजदार सर न्हाय हसले. नंतर मला ऑफिसात बोलावून असं झापलं की बस्स. "पुन्हा मैदानावर पाय ठेवलात तर मेसचं काम दुसऱ्याला देईन. दर्जा म्हणजे काय पोरखेळ वाटला तुम्हाला?"

संध्याकाळी दैवशाला माझ्याजवळ येऊन बसली. "शिवक्का, तुमचा जीव घाबरतो ना? मग असं करू. मी पडल्यावर डाव्या पायाचा अंगठा हळूच हलवीन. अंगठा हलला की समजायचं, नाटक हाय." बूट-मोजे काढून पडायचं तिनं माझ्यासाठी ठरवलं. उपचाराचा तास घ्यायचे ते मल्लेश सर, त्यांना तिनं सांगितलं, अनवाणी पडलं की जास्त खरं दिसतं.

तेव्हापासून मी दारातून तिचा अंगठाच बघायची. सगळी तिच्या तोंडाकडं बघायची, मी पायाकडं. हलला की जीव भांड्यात.

पण तिला त्या पडण्याचा नाद लागला. खरं सांगते, मला ते आवडत न्हवतं. दरवेळी आधीच्यापेक्षा भारी पडायचं. ओठ कोरडे दिसावेत म्हणून सकाळपासून पाणी पिणं बंद केलं. कुणी हात लावून बघितलं तर अंग तापलेलं लागावं म्हणून पत्र्याच्या शेडमागं भर उन्हात उभी राहायला लागली. मी ओरडले, "अगं भवाने, मरायचंय का?" तर म्हणते, "समितीतला माणूस कपाळाला हात लावतो, शिवक्का. गार लागलं तर सगळा बेत पाण्यात जाईल." पाण्यात जाईल म्हणे! पाण्यातच गेला असता तर बरं झालं असतं.

एकदा म्हाळसाबाई लेकीला भेटायला आली, तेव्हा नेमकी तालीम चालली होती. आमी दोघी दारात उभ्या होतो. दैवशाला पडली. आधी गुडघे, मग मान. म्हाळसाबाईनं पदर तोंडाला लावला. तालीम संपल्यावर लेकीला म्हणाली, "हे तू कुठं शिकलीस?"

"आपल्या मेंढरांकडून. उन्हानं पडतात तसं."

"व्हय. म्या ओळखलं. तशी पडलेली मेंढरं म्या उचलून टाकलीत, दैवू. उठलेलं एक बी बघितलं न्हाय. हे असलं खेळू नगंस."

दैवशालेनं आईच्या गळ्यात हात टाकले. "खेळ न्हाय आई, नोकरी हाय. दर्जा चांगला मिळाला की मला कायम करणारेत. सरांनी शब्द दिलाय. एकदा कायम झाले की बघ, पोरींना मी खरंखुरं शिकवीन. माझ्या गुडघ्यागत कुणाचा गुडघा जाऊ देणार न्हाय." म्हाळसाबाईनं तिचे हात गळ्यातून सोडवले. जाताना मला मात्र म्हणाली, "बाई, तुमी हितं असता. नजर ठेवा."

ठेवली की. नजर ठेवायला मी कुठं कमी पडले?

मोठी समिती आली ती भर उन्हाळ्यात. त्या दिवशी सकाळी दैवशालेनं चहासुद्धा घेतला न्हाय. मी ताक पुढं केलं तर ग्लास हळूच बाजूला सारला. डोकं दुखतंय म्हणाली. "मग सांग सरांना, आज न्हाय जमत म्हणून." तर माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं मी तिला घरच सोडायला सांगितलंय. "आज न्हाय म्हटलं तर मग कधी, शिवक्का?" आणि गेली शेडमागं. समितीचं जेवण लांबलं. पुरणपोळ्या झाल्या, विडे झाले, भाषणं झाली. मी आत पोळ्या लाटत होते अन् माझं सगळं चित्त त्या शेडकडं. दोनदा मी मेसमधल्या एका पोरीकडून तिला पाणी पाठवलं. दोन्ही वेळा तांब्या भरलेलाच परत आला.

शेवटी शिट्टी वाजली. मी हात पुसत दारात आले. दैवशाला पळाली, अर्ध्या मैदानात तिचे पाय वेडेवाकडे पडायला लागले, आणि ती पडली. आधी गुडघे, मग मान. मी अंगठ्याकडं बघितलं.

मल्लेश सर माईक घेऊन बोलायला लागले. खेळाडूला उष्माघात झालेला हाय, आता आमचे विद्यार्थी काय करतात बघा. एकानं पाय उचलले. एकानं नाडी बघितल्यासारखं केलं. एकानं बर्फाची पेटी आणली. तिच्यात बर्फ न्हवता, थर्माकोलचे तुकडे होते, वर ओलं फडकं. मोठा टब आणला, त्याच्या तळाशी जेमतेम पाणी, कारण आठवडाभर आमच्याकडं टँकर आला न्हवता आणि होतं ते पाणी पाहुण्यांच्या पंगतीला गेलं होतं. समितीतल्या चष्मेवाल्या बाई पुढं आल्या, वाकून कपाळाला हात लावला. "अरे वा! अंगसुद्धा गरम आहे. कमाल केली हं या मुलीनं!"

अंगठा हलत न्हवता.

मी चप्पल टाकून पळाले. "अहो, अंगठा हलत न्हाय तिचा! खरं पडलीय ती, खरं!" बिराजदार सरांनी माझा दंड धरला. हसत हसत धरला बरं का, समिती बघत होती ना. दातावर दात ठेवून म्हणाले, "शिवकांताबाई, आज नाही. आज अजिबात नाही." मी हिसका दिला, पदर फाटला, त्यांनी सोडलं न्हाय. तिकडं मल्लेश सरांचं बोलणं संपलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या पोरीच्या अंगावरून टाळ्या वाजवल्या हो! मग मल्लेश सर म्हणाले, "ऊठ दैवशाला, झालं."

आणि मग सगळ्यांची तोंडं पांढरी पडली.

तुम्हाला वाटेल, एवढी पोरं ह्याच कामाचं शिकलेली, आता तरी धावली असतील. कशाची धावतात! ज्याला पाय उचलायचं दिलेलं, त्यानं पुन्हा पायच उचलले. नाडीवाला पुन्हा मनगट धरून बसला. पेटीवाल्यानं पुन्हा थर्माकोल तिच्या काखेत ठेवलं, रडत रडत ठेवलं. ज्याला जेवढं पाठ करवलं तेवढंच त्याला येत होतं. पाणी आणायचं कुणालाच दिलेलं न्हवतं. मी मेसमधला पाहुण्यांच्या सरबताचा बर्फ पातेल्यासकट आणून तिच्यावर ओतला. ती ह्या खेपेला फुर्र करून उठली न्हाय.

जीपमध्ये मी तिचे पाय मांडीवर घेतले. उमरग्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि तसंच सोलापूरला पळवा म्हणाले. सगळी वाट मी तो डावा अंगठा मुठीत धरून बसले. "हलव गं, एकदा हलव, मला खोटं पाड," म्हणत होते. आधी तो तव्यासारखा तापलेला होता. नळदुर्गजवळ पुढं ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला, आणि माझ्या मुठीत तो अंगठा हळूहळू निवायला लागला. मला कुणी सांगायची गरज पडली न्हाय. तिची वस्ती तिथून दिसते.

दर्जा मिळाला. फाटकावर फलक लागला. समितीनं प्रात्यक्षिकाचं कौतुक लिहिलं होतं म्हणे. ती माणसं जीप निघाल्यावर लगेच गाडीत बसली होती, पोरीला जरा बरं नाही एवढंच त्यांना सांगितलेलं. चौकशीला आणखी माणसं आली तेव्हा मी सगळं ओरडून सांगितलं. पाणी सांगितलं, थर्माकोल सांगितलं, माझा धरलेला दंड सांगितला, आणि अंगठा सांगितला. सगळ्यांनी माना हलवल्या.

त्यातलं काय ऐकलं असेल त्यांनी? अंगठा!

पुढच्या उन्हाळ्यात, चौकशीत सुचवलेल्या दुरुस्त्या तपासायला पुन्हा समिती येणार म्हणून तयारी सुरू झाली. मल्लेश सरांनी भिंतीला नवा तक्ता लावला. रुग्ण होणाऱ्यानं अंगठा हलवत राहावं, आणि त्यावर लक्ष ठेवायला एक माणूस पायाशी उभा करावा. तो माणूस म्हणजे मी. बिराजदार सर गोड आवाजात म्हणाले, "शिवकांताबाई, तुमच्याच सूचनेवरून केलंय हे. तुमचा मान आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी व्हय म्हटलं. त्यांना वाटलं, बाई वळणावर आली.

दैवशालेच्या जागी शिवप्रिया नावाची मुरुमची पोरगी घेतली होती, हंगामी. समितीच्या दिवशी दुपारी मी शेडमागं गेले तर ती उन्हात उभी. ओठ वाळलेले, तोंड लालबुंद. मी तांब्या पुढं केला. तिनं मान हलवली.

"पी म्हणते ना!"

"नको अक्का, अंग गार पडेल. आज चांगलं झालं तर मला कायम करणारेत." आणि माझा हात धरून, मलाच धीर देत म्हणते कशी, "तुम्ही घाबरू नका. मी अंगठा हलवीन ना."

शिट्टी वाजली. मी ठरल्या जागी जाऊन उभी राहिले. फक्त रिकाम्या हातानं न्हाय. मेसमधलं होतं न्हवतं ते पाणी मी सकाळीच घागरीत भरून मैदानाच्या कडेला ठेवलं होतं, आणि आता ती घागर माझ्या कमरेवर होती. पाहुण्यांना हात धुवायलासुद्धा थेंब ठेवला न्हवता. शिवप्रिया पळत आली आणि माझ्या पायाशी पडली. मल्लेश सरांनी माईक तोंडाला लावला. समिती वाकून अंगठ्याकडं बघायला लागली.

अंगठा हलत होता का न्हाय, मी बघितलंच न्हाय. घागर उपडी केली.

पोरगी किंचाळत उठून बसली. भिजलेली, केस तोंडावर. समितीकडं बघितलं, बिराजदार सरांकडं बघितलं, आणि हंबरडा फोडला. "काय केलंत हो अक्का! गेली माझी नोकरी! आता माझी नोकरी गेली!" सर माझ्याकडं धावत येत होते. मी खाली बसले, तिचं ओलं डोकं छातीशी धरलं.

"रड," मी म्हटलं. "रडता येतंय ना तुला? मग रड, बाई. मोठ्यानं रड."