बरोबर असलेली ओळ

धरणाच्या कचेरीत सगळे त्यांना दादा म्हणत. नदीला पूर कधी येईल ते सांगणारा फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेतला प्रोग्राम त्यांनी तीस वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. मग नवा संगणक आला. त्यातला कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, दादांचा प्रोग्राम वाचता वाचताच कोसळू लागला.

"तुमचंच काहीतरी चुकलं असेल, दादा," साहेब म्हणाले. "शुक्रवारपर्यंत चालला नाही तर मोडीत काढू."

दोष शोधायला दादांनी निम्म्या ओळी काढून पाहिल्या, मग उरलेल्यातल्या निम्म्या. सातच ओळी राहिल्या तरी कंपायलर कोसळतच होता. त्या सात ओळी नियमांच्या पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून त्यांनी कंपायलर करणाऱ्यांना पाठवल्या. गुरुवारी उत्तर आलं: तुमचं बरोबर आहे, दोष आमचा. दुरुस्ती पुढच्या वर्षी. तोवर पाचवी ओळ फिरवून लिहा.

"मग लिहा की," घरी बायको म्हणाली. "कोण चुकलं ते देवाला ठाऊक आहे."

"देवाला आहे गं. पण माझ्यामागून त्या खुर्चीत बसेल त्याला कसं कळणार? म्हणेल, म्हाताऱ्याला सरळ ओळसुद्धा लिहिता येत नव्हती."

शुक्रवारी त्यांनी ओळ वाकडी केली आणि प्रोग्राम चालला.

"सापडली ना चूक?" साहेब हसले. दादांनी उत्तराचा कागद पुढे केला. साहेबांनी तो न वाचताच परत दिला.

दादा जागेवर आले. वाकड्या ओळीच्या डोक्यावर त्यांनी जुनी ओळ, कंपायलर वाचत नाही अशी टीप म्हणून, लिहून ठेवली, आणि शेजारी लिहिलं: ही बरोबर होती.