तीन नंबरचा वॉल्व्ह

असल्या भुताटकीच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... पण खरी लाज त्याची नाही. ती पुढे येईलच.

हडपसरला आमची छोटी लॅब आहे. रक्ततपासणीसाठी आम्ही काडेपेटीएवढ्या सिलिकॉनच्या चिप बनवतो. आत केसासारख्या बारीक वाटा आणि त्या बंद-चालू करणारे वॉल्व्ह – सगळं हवेच्या दाबावर. कुठल्या नळीत हवा सोडली की कुठली वाट बंद होणार, ते डिझाइन माझं. चिप जोडायच्या सुनंदाताई, लोणी काळभोरहून यायच्या. प्रत्येक चिप आधी तोंडाने नळी फुंकून बघायच्या – तीन छोट्या फुंका, एक लांब. मी हसायचो. "ताई, चूल पेटवताय का?"

बाहेरच्या पाहुण्यांना चिप दाखवायचा डेमो होता. त्याच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "सर, चार नंबरला फुंकलं की तीन नंबर बंद होतोय. चित्रातच चूक हाय."

"तुम्ही तुमचं जोडायचं बघा," मी म्हणालो.

डेमोत लाल पाणी भलत्याच कप्प्यात गेलं. पाहुण्यांसमोर लॅबच्या साहेबांनी विचारलं, तर मी म्हणालो, "जोडणीत घोळ झाला असेल." दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून साहेबांनी ताईंना सांगितलं. मग मी ड्रॉइंग उघडलं. चूक माझीच होती. गुपचूप दुरुस्त केली आणि गप्प बसलो.

पुढच्या गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेलेली – पुणेकरांना गुरुवारचं वेगळं सांगायला नको. कॉम्प्रेसर बंद, म्हणजे हवेचा दाबही नाही. लॅबमध्ये मी एकटा. टेबलावर तीच डेमोची चिप, चार नंबरच्या नळीचं टोक मोकळं लोंबत होतं... आणि आतलं लाल पाणी हललं. थोडं पुढे, थांबलं. पुढे, थांबलं. पुन्हा एकदा. मग एक लांब सरक – आणि तीन नंबरचा वॉल्व्ह बंद झाला. नळीला आतून वाफ धरली होती, नुकतीच कुणी फुंकल्यासारखी.

मी नळी ओढून काढली. तरी पाणी तसंच हलत होतं! शेवटी मोठ्याने ओरडलो, "हो, माझी चूक आहे!" पाणी जागच्या जागी थांबलं.

लगेच ताईंना फोन लावला. वाटलं, त्यांचं काही बरंवाईट तर... पण त्या मंडईत भाजी घेत होत्या, ठणठणीत.

"बोला सर. चिप चालली का?"

"चालली."

"मग तीन नंबरचं काय निघालं?"

"ताई, आवाज तुटतोय," म्हणून मी फोन ठेवला.

वीज नसताना, नळीही नसताना ते कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. रिकाम्या खोलीत कबूल केलेली चूक मी साहेबांसमोर मात्र अजून कबूल केलेली नाही. आणि इथेही खाली नाव लिहीत नाहीये.