मिथेनॉलचा घोट

दोन हजार तेवीस साल. मी अडुसष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं हातांनी शिकलो. मानपाड्याला सदतीस वर्षं गॅरेज चालवलं. ते बंद करून ठाकुर्लीच्या घरी बसलो, पण हात काही बसेनात.

माझ्या जुन्या टर्बोवाल्या गाडीचं इंजिन उन्हाळ्यात घाट चढताना ठोकायचं. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो. दाबली की हवा तापते आणि पेट्रोल वेळेआधी पेटतं. त्यावर उपाय आहे. पाणी आणि मिथेनॉल अर्धं-अर्धं करून त्या हवेत बारीक फवारा मारायचा, म्हणजे ती थंड होते. याचं तयार सामान बाहेरच्या देशातून येतं म्हणे. मी म्हटलं, कशाला? शेतात औषध मारायच्या बॅटरीवाल्या पंपाची मोटर काढली, काच धुवायच्या पाण्याची जुनी टाकी डिकीत बसवली, नळीच्या टोकाला फवारणीचाच जेट लावला. चार वेळा गळालं, पाचव्यांदा नाही गळालं.

मिथेनॉलचा कॅन थिनरच्या दुकानातून आणला. दुकानदार म्हणाला, "काका, हे विष आहे हां. सांभाळून."

"तुझ्या जन्माआधीपासून पेट्रोलमध्ये हात आहेत माझे," मी म्हणालो. "तू पावती फाड."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बिल्डिंगखाली टाकी भरायला बसलो. कॅन ओट्यावर होता, टाकी काढून खाली जमिनीवर ठेवली. भरलेला कॅन उचलून ओतायला कंबर तयार नव्हती. मग आम्ही मेकॅनिक लोक जे करतो तेच केलं. कॅनमध्ये नळी सोडली, दुसरं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. हजार वेळा पेट्रोल असं काढलेलं. पेट्रोल वर येताना वासानेच कळतं, तोंड आपोआप बाजूला होतं. याला तसा वास नाही, आणि माझी नळी काळी, आत किती चढलंय ते दिसेना. घोटभर सरळ घशाखाली उतरलं.

थुंकलो, चुळा भरल्या. पण गेलं ते गेलं.

मग आठवलं. गॅरेजशेजारच्या कारखान्यातला एक कामगार हेच प्यायलेला, दारू समजून. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो विचारत होता, "लाइट गेली का रे?" पुढे त्याची बायको त्याला हाताला धरून बसस्टॉपवर आणायची, ते मी रोज बघायचो.

मी वर गेलो. हिला काही बोललो नाही. काय बोलणार? सदतीस वर्षांच्या मिस्त्रीने पहिल्या दिवशीच्या पोरासारखी चूक केली, म्हणून? शिवाय तिने सगळं सामान भंगारात दिलं असतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. मोठे आकडे दिसत होते. बारीक अक्षरं दिसत नव्हती, पण ती कालही दिसत नव्हती का? आठवेना. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा.

"सारखी कसली तिथी शोधताय?" ही म्हणाली. "उपास धरायचाय का?"

"गप गं."

जेवण गेलं नाही. तीन वाजता डोकं दुखायला लागलं. विषाने की भीतीने, ते सांगता येईना. खिडकीशी बसून समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजत राहिलो. सात भरले तर बरं वाटायचं. लगेच परत मोजायचो.

मोजता मोजता डोळा लागला. जागा झालो तर समोर काळोख. 

"लाइट का घालवलीस?" मी ओरडलो.

"घालवली कुठे? लावलीच नाही अजून. दिवेलागण झाली, तुम्ही घोरताय." तिने बटण दाबलं. दिसलं. पण मी लगेच एक डोळा झाकून कॅलेंडर बघितलं आणि ते तिने पाहिलं. मग मी सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. पर्स घेतली, चपला घातल्या. "चला," एवढंच.

डोंबिवलीच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती प्यायलात?"

"प्यायलो नाही. ओढलं."

"पोटात गेलं ना? मग सकाळीच यायचं होतं, आजोबा. याचा परिणाम डोळ्यांवर उशिरा होतो. आता रक्त तपासते, औषध सुरू करते. उद्या सकाळी कळेल."

सलाइन लावलं. ही स्टुलावर बसली. एकदाच म्हणाली, "मला सांगायला इतकी लाज वाटली?" मी वरच्या पंख्याकडे बघत राहिलो. डोळे मिटायचीच भीती वाटत होती, पहाटे कधीतरी मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात चहाची किटली फिरल्याचा आवाज आला, म्हणजे उजाडलं होतं. मी डोळे उघडले नाहीत.

"जागे आहात, कळतंय मला," ही म्हणाली. "उघडा."

"थांब जरा."

"अहो, उघडा."

तिचा हात चाचपून धरला. चारचौघांत कधी धरला नव्हता. मग उघडले. आधी पांढरं, मग पंखा, मग ती. रात्रभराच्या जागरणाने सुजलेलं तोंड, आणि टिकली सरकून भुवईवर आलेली. मी सलाइनचा हात वर केला आणि ती टिकली जागेवर लावली.