चिलखतातला पश्या

बुधवारी सकाळी मी मंचरला, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. फोन वाजला तो लोणीच्या सुवर्णाताईंचा. "मास्तर, भाऊ गेला," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कोण भाऊ?" खरं तर मला कळलं होतं. "पश्याभाऊ. पहाटं गेला. रेश्मावैनींचा फोन आला व्हता मला."

आता दीड महिना झाला आहे, म्हणून खरं लिहितो. त्या क्षणी मला रडू आलं नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की त्याच्या बायकोने, रेश्मावहिनींनी, आधी सुवर्णाताईंना फोन का केला? पश्या आणि मी पिंपरी पेंढारच्या एका आळीत वाढलो, एका बाकावर बसलो. सुवर्णाताई त्याला जेमतेम आठ-नऊ वर्षं ओळखत होत्या, तेही एका खेळातून. मित्र गेल्याची बातमी ऐकताना माणूस रांगेतला स्वतःचा नंबर बघतो, हे मला स्वतःबद्दल तेव्हा कळलं. पण पश्याच्या बाबतीत माझं आयुष्यभर असंच होत आलं होतं.

प्रशांत त्याचं नाव, पण त्या नावाने त्याला फक्त हजेरीत हाक मारली जायची. बारावीला गणितात त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. जुन्नरला कॉलेजचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला तेव्हा मी तापाने फणफणलो होतो. पश्या माझे दाखले एका पिशवीत घालून एसटीने गेला, दिवसभर रांगेत उभा राहिला आणि संध्याकाळी पावती आणून माझ्या आईच्या हातात दिली. आईने विचारलं, "आणि तुजा फॉर्म?" तो म्हणाला, "मावशे, मला कुठं साहेब व्हायचंय? पप्पांच्या डोळ्याला आता तार दिसत न्हाई." त्याच्या वडिलांचं स्टँडजवळ मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या आणि नवी तांब्याची तार गुंडाळून परत जायच्या. पश्या त्या दुकानात बसला तो कायमचा. मी घरातला पहिला पदवीधर झालो. आळीतल्या बुद्धविहारात माझा सत्कार झाला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच होत्या. त्या दिवसापासून तो मला मास्तर म्हणू लागला. मी मास्तर नव्हतो, पुढे ग्रंथपाल झालो, पण नाव चिकटलं. त्याचे उपकार मी कधी विसरलो नाही. त्या उपकारांचा मला रागही येत असे, हे मात्र कधी कुणाला सांगितलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी तो ऑनलाइन खेळ मीच शोधून काढला. जुने किल्ले, गुहा, राक्षस आणि त्यांच्याशी लढणारे पाच जणांचे गट. ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाच जणांत कुणी तिरंदाज असतो, कुणी मंत्र टाकणारा, कुणी जखमा भरणारा. आणि एक असतो डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल. आम्ही त्याला चिलखती म्हणायचो. लोकांना वाटतं तो सगळ्यात जास्त मारत असेल. तसं नसतं. मारतात मागचे. चिलखत्याने राक्षसाला डिवचायचं, त्याचा सगळा राग स्वतःवर ओढून घ्यायचा आणि जागचं हलायचं नाही. तो सरकला की राक्षस मान वळवतो आणि मागच्या चौघांची राख होते.

पहिला चिलखती मी होतो. इंग्रजीतली सगळी माहिती मी वाचली होती, वहीत उतरवली होती. पश्या माझ्या जखमा भरायचा. पण पडद्यावर माझ्या जिवाचा आकडा निम्म्यावर आला की माझं बोट आपोआप मागे जायच्या बटणावर पडायचं. दोन पावलं मागे, राक्षस वळला, सगळे मेले. आठवडाभर हेच चाललं. मग पश्या म्हणाला, "मास्तर, एक दिस मला घालू दे ते लोखंड." मी दिलं. मला वाटलं, याला इंग्रजी येत नाही, वही वाचायचा कंटाळा, हा तासाभरात परत देईल.

पहिल्याच दुपारी तो त्या दगडी राक्षसासमोर असा उभा राहिला, की आम्ही चौघं आपापलं काम विसरून बघत राहिलो. नंतर मी विचारलं, "तुझा जीव संपत आला होता, तुला दिसलं नाही का?" तो म्हणाला, "आकडे मी बंद करून ठिवलेत. मोटार गरम झाली म्हणून दर टायमाला खटका पाडला, तर पाणी अर्ध्या वावरातच राहायचं की रं." मी हसलो. मग घरी जाऊन मीही आकडे बंद करून पाहिले. दोन मिनिटांत पुन्हा चालू केले.

चिलखत त्याने परत दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. मी तिरंदाज झालो. आमचा खेळ एक आड एक रविवारी दुपारी असायचा, कारण शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. दिवसा लाईट असली की मोटारी जळतात आणि पश्याचं दुकान भरतं. रात्रीची पाळी असली की दुपारी गाव झोपलेलं असतं. सुवर्णाताई लोणीला दूध संकलन केंद्र चालवतात, त्याही सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाच्या मधल्या वेळेत मोकळ्या असायच्या. पश्या पुढे गेल्यावर जखमा भरायचं काम त्यांनी घेतलं. उरलेले दोघे दूर मराठवाड्यातले, एकमेकांचे मावसभाऊ. त्यांना आम्ही कधी समोरासमोर पाहिलं नाही.

सुरुवातीला मीही त्याच्या दुकानातच दुसऱ्या संगणकावर बसायचो. एकदा ऐन लढाईत एक बागाईतदार जळालेली मोटार घेऊन आले. पश्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "आण्णा, दोन मिनिटं थांबा राव, अंगावर आलंय." आण्णांनी मोटार तिथेच टाकली आणि ओरडले, "आरं कुठं हाय बिबट्या? दार लाव, दार लाव!" आम्ही राक्षसाचं सांगितल्यावर आण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. शेवटी राक्षस पडला तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आन तू काय करीत व्हतास?" मी म्हणालो, "मी मागून बाण मारत होतो." आण्णा म्हणाले, "शिकल्याली मानसं मागंच बरी." पश्या इतका हसला की त्याच्या कानावरचा हेडफोन खाली पडला. मीही हसलो. मंचरला परत येताना मात्र सगळा रस्ता ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं.

कुणी खेळायला आलं की पहिला प्रश्न असायचा, "पश्याभाऊ हाये का?" तो नसला तर लोक निघून जायचे. मी असलो काय, नसलो काय... जगात सगळीकडे मी त्याच्या पुढे होतो. पदवी माझी, नोकरी माझी, मंचरला घर माझं. आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याचा मला जास्त हेवा वाटायचा. म्हणून मी एक गोष्ट केली. वेगळ्या नावाने दुसरा गडी तयार केला, चिलखती. दोन वर्षं, कुणाला न सांगता, अनोळखी लोकांबरोबर खेळून त्याला वाढवला, पश्याच्या गड्याइतकाच भारी केला. फक्त तो घेऊन आमच्या गटात जायची हिंमत झाली नाही.

मग पश्याला ताप आला. पेशी कमी झाल्या म्हणून नारायणगावला दवाखान्यात ठेवलं. तीन-चार दिवसांत सोडतील, असंच सगळे धरून चाललो होतो. रविवारी दुपारी दोन वाजता भेटायला येतो, असं मी त्याला कळवलं होतं. तो रविवार रात्रीच्या लाईटच्या आठवड्यातला होता. सकाळी दहा वाजता सुवर्णाताईंचा निरोप आला, "भाऊ न्हाई, मग आज कोन हुबं राहनार पुढं?" मी तो निरोप किती वेळा वाचला कोण जाणे. मग रेश्मावहिनींना फोन करून सांगितलं, "वहिनी, घरी अचानक पाहुणे आलेत. उद्या-परवा येतो." पाहुणे कुणीही आले नव्हते.

त्या दुपारी मी माझं लोखंड घालून पुढे उभा राहिलो. तोच दगडी राक्षस. मराठवाड्यातले दोघे म्हणाले, "मास्तर, हे कधी केलं तुम्ही?" राक्षस पडला. नऊ वर्षांत मला त्या खेळात इतका आनंद झाला नव्हता, आणि मित्र दवाखान्यात असताना तो झाला. घरात मी चहा करून घेतला, गुणगुणतसुद्धा होतो.

संध्याकाळी पश्याचा आवाजी निरोप आला. अजून माझ्या फोनमध्ये आहे. आवाज बसलेला, मागे कुणीतरी भांडी हलवतंय.

"मास्तर... पावनं गेलं का घरी?" मग तो हसतो, हसताना खोकतो. "सुवर्णाताईंनी सांगितलं समदं. एकदाच मागं सरलास म्हनं. लई झालं की! आन त्यो तुजा गडी मला ठावं हाय रं, वरीस झालं. खेळातल्या बाजारपेठंत एक चिलखती झुंजताना बघितला, दर फटक्याला दोन पावलं मागं. म्हनलं, ह्यो आपलाच मास्तर. म्हनून तर दोन-तीन डाव म्हनलो ना, आज मोटारी लई आल्यात, तुमी खेळा. एक बी मोटार नसायची दुकानात. वाटायचं, आता तरी घिऊन येशील. तर तू म्हनायचास, मग राहू दे आज... येडा हायेस. ये उद्या."

मी गेलो नाही. उत्तरही दिलं नाही. खोटं पकडलं गेलं म्हणून लाज वाटली, हे खरं. पण लाजेपेक्षा राग मोठा होता. दोन वर्षं मी जे एकट्याचं म्हणून सांभाळलं होतं, तेसुद्धा त्याला माहीत होतं. त्याने जागा सोडून मला बोलावलं होतं. म्हणजे ती दुपारसुद्धा त्यानेच दिलेली निघाली, जुन्नरच्या त्या पावतीसारखी. मनात म्हटलं, दोन दिवसांनी राग गेला की जाईन. सोमवार गेला. मंगळवारी रक्तदाब उतरला आणि त्याला पुण्याला हलवलं, हे मला बुधवारी कळलं. सुवर्णाताईंकडून.

पश्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार शब्द बोलायला मला उभं केलं. आळीतला शिकलेला म्हणून अशा वेळी मीच बोलतो. मी शाळेचं सांगितलं, त्या रांगेचं सांगितलं, लोकांनी डोळे पुसले. त्या रविवारचं सांगितलं नाही. सुवर्णाताई शेवटच्या ओळीत बसल्या होत्या, त्यांनाच पाहुणे कोण ते माहीत होतं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, भाऊ रागावला नव्हता वो तुमच्यावर." मला त्यांचाही हेवा वाटला. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला दुसऱ्याकडून ऐकावं लागत होतं.

मागच्या रविवारी दुकानात गेलो. पश्याचा धाकटा भाऊ आता तिथे बसतो. रेश्मावहिनी संगणक पुसत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्याचं काय करायचं ते तुमीच बघा. मला तर ह्यातलं काय बी कळत न्हाई." मी त्याच्या खुर्चीत बसलो. कीबोर्डवर वार्निशचे पिवळे डाग होते, बोटांना तांब्याच्या तारेचा वास लागला. पुढे जायच्या बटणावरचं अक्षर पार गेलं होतं, खड्डा पडल्यासारखं झालं होतं. डाव्या-उजव्या बटणांवर नुसत्या पुसट रेघा उरल्या होत्या. आणि त्यांच्या मधलं, मागे सरायचं बटण... त्याच्यावरचं अक्षर कीबोर्ड नवा आणला त्या दिवशीसारखं पांढरंशुभ्र होतं. मी किती तरी वेळ त्याच्यावर नुसतं बोट ठेवून बसलो, दाबलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "न्या की घरी. त्यास्नी आवडंल."

मी नको म्हणालो. वहिनींना वाटलं मी भिडेपोटी म्हणतोय. पण तो कीबोर्ड माझ्या टेबलावर आला तर सहा महिन्यांत ते अक्षर पुसलं जाईल, हे मला माहीत आहे.