डांबराखालची चारी

"सबड्युरल हिमॅटोमा," सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले. म्हणजे कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये साचलेलं रक्त. "ऑपरेशन आत्ताच करावं लागेल. सही कोण करणार?"

सही मी केली.

माझे यजमान बसचालक. बेंबळी गावच्या आमच्या शेतातून मोटारसायकलवर येताना पडले. शेताचे शेजारी भानुदासभाऊ यांनी त्यांना जीपमधून घरी आणलं. आधी नुसतं डोकं दुखत होतं. मग उलट्या, मग शब्द अडखळू लागले. त्याच जीपमधून आम्ही सोलापूर गाठलं. तुमच्याकडे कुणी डोक्यावर पडलं, तर झोपवून ठेवू नका. आधी स्कॅन.

बर होल झालं, म्हणजे कवटीला छिद्र पाडून रक्त काढलं. बाकावर बसून मी कागद नीट लावत होते. एमएलसीवर, म्हणजे पोलिसांना कळवायच्या अपघाताच्या नोंदीत, लिहिलं होतं : 'गाडीवरील ताबा सुटल्याने.' हे कुणी सांगितलं? "सोबत आलेल्यांनी," सिस्टर म्हणाल्या. असा शेरा असलेल्या चालकाच्या हाती पुन्हा बस कोण देणार?

भानुदासभाऊ रोज डबा आणत आणि रोज विचारत, "वहिनी, पोलिसांनी जबाब घेतला का?" यजमानांची तब्येत नंतर. ते मला खटकू लागलं.

त्यांचा ताबा सुटेल हे मला पटेना. रस्ताच खराब असेल म्हणून रस्त्याच्या खात्यात फोन केला. "कुणीतरी पाइपलाइनसाठी रस्ता फोडलाय, बाई. आमचा संबंध नाही." यावरही माझा विश्वास बसला नाही. तिथलं डांबर मी पाहिलं होतं, नवंकोरं; फोडल्याची खूणही नव्हती.

यजमान नीट बोलू लागल्यावर डॉक्टरांनी स्मृती तपासली. "कसे पडलात?"

"भानुदासच्या चारीत चाक गेलं."

भानुदासभाऊ पलंगाच्या पायथ्याशीच उभे होते. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "विहिरीचं पाणी पल्याड न्यायचं हुतं, वहिनी. रस्त्यात चारी खांदली, पाइप टाकला, मातीनं बुजवली. समदेच तसं करतेत. पावसानं बसली."

"आणि ताबा सुटल्याचं?"

"म्याच सांगितलं. भ्यालो." मग एकदम चिडले. "पर खात्याचा रोलर त्याच्यावरूनच गेला की! त्यास्नी माती दिसली न्हाय व्हय?"

"भान्या, रोलर तुझ्या शेतात शिरला असता, तर त्यांनी ज्वारीवर बी डांबर वतलं असतं," डोक्याला पट्टी बांधलेले यजमान म्हणाले.

मला हसू आलं नाही. "हे सगळं पोलिसांना सांगा. नाहीतर मी सांगते."

भानुदासभाऊ निघाले. खरंच चौकीत जातात का, हे बघायला मी मागोमाग गेले. जबाबात चारी आली, तिच्यावर न बघता टाकलेलं डांबर आलं, आणि ताबा सुटल्याचं खोटं होतं, हेही आलं.

त्या जबाबामुळे ताबा सुटल्याचा ठपका गेला आणि आज यजमान पुन्हा बस चालवतात. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण स्वतःवर येणार हे माहीत असूनही खरं सांगणाऱ्या भानुदासभाऊंची मी जास्त ऋणी आहे. तरीही त्यांच्या विहिरीपाशी आलं, की मी गाडीवरून उतरते आणि रस्ता पायानं दाबून बघते.